रोधकाचा रोध कसा मोजावा?

भिंतीवरचे विजेचे बटण दाबताना आपले बोट आणि आतला २३० व्होल्टचा दाब यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक असते. त्या प्लॅस्टिकवर आपण दिवसातून वीस वेळा विश्वास टाकतो. तो विश्वास कशाच्या बळावर? ‘प्लॅस्टिक विजेचे दुर्वाहक आहे म्हणून’ असे उत्तर कोणीही देईल. पण दुर्वाहक म्हणजे किती दुर्वाहक? ओले झाल्यावरही तेवढेच दुर्वाहक राहते काय? आणि ‘किती’ हे कळायचे असेल, तर ते जिवाला धोका न होता मोजायचे कसे?

शाळेतील मल्टिमीटर रोध मोजण्याच्या पल्ल्यावर ठेवा आणि त्याची दोन टोके प्लॅस्टिकच्या पट्टीला लावा. पडद्यावर डावीकडे नुसता ‘१’ उमटेल. हे मोजमाप नव्हे. ‘माझ्या आवाक्याबाहेर आहे’ असे मीटर आपल्याला सांगत असतो. लाकूड, काच, मेण, रबर, काहीही लावा. बहुधा उत्तर तेच. पण या साऱ्यांचा रोध सारखा मुळीच नसतो. माठातून पाणी झिरपते आणि लोणच्याच्या बरणीतून झिरपत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पाच मिनिटे पाहून मात्र दोन्ही कोरडेच वाटतील. रोधकांचेही तसेच आहे. त्यांच्यातून वीज झिरपते, पण ती पाहायला बारीक नजर आणि थोडा धीर लागतो.

विशिष्ट रोध म्हणजे काय?

एखाद्या वस्तूचा रोध तिच्या आकारावरही अवलंबून असतो. तुकडा जाड असला की विजेला लांबचा प्रवास करावा लागतो आणि रोध वाढतो. तुकड्याचे क्षेत्रफळ मोठे असले की वाट रुंद होते आणि रोध कमी होतो. म्हणून

रोध = विशिष्ट रोध × जाडी ÷ क्षेत्रफळ

असे सूत्र मांडतात. यातील ‘विशिष्ट रोध’ हा त्या पदार्थाचा स्वतःचा गुण. तो ओहम-मीटर या एककात सांगतात.

तांब्याचा विशिष्ट रोध सुमारे १.७ भागिले १० कोटी ओहम-मीटर, म्हणजे अगदी नगण्य. आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. काचेच्या वेगवेगळ्या प्रकारांचा विशिष्ट रोध साधारणपणे १ वर १० शून्ये ते १ वर १४ शून्ये इतका भरतो. एबोनाइटचा, म्हणजे कठीण केलेल्या रबराचा, १ वर १३ शून्यांच्या आसपास. गंधकाचा १ वर १५ शून्यांच्या आसपास. वितळवून केलेल्या शुद्ध क्वार्ट्झचा तर १ वर १७ शून्यांपर्यंत. तांबे आणि क्वार्ट्झ यांच्यातील प्रमाण काढले, तर १ वर चोवीस-पंचवीस शून्ये मांडावी लागतात. पदार्थांच्या गुणधर्मांत एवढा प्रचंड पल्ला क्वचितच आढळतो.

किती वीज झिरपते?

एक उदाहरण करू. १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड अशी काचेची पाटी घ्या. तिचा विशिष्ट रोध १ वर १३ शून्ये इतका धरा. क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर आणि जाडी ०.००१ मीटर. सूत्रात किमती घातल्या, की पाटीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचा रोध १ वर १२ शून्ये, म्हणजे एक लाख कोटी ओहम येतो.

या पाटीच्या दोन बाजूंना ९ व्होल्टची बॅटरी जोडली, तर प्रवाह ९ भागिले एक लाख कोटी अँपिअर होईल. अँपिअरच्या लाख-कोटीव्या भागाला पिकोअँपिअर म्हणतात. म्हणजे आपला प्रवाह ९ पिकोअँपिअर. विजेरीतील एका लहानशा एल्‌ईडीतून १० मिलिअँपिअर प्रवाह जात असेल, तर तो याच्या सुमारे ११० कोटी पट असतो. तरीही ९ पिकोअँपिअर म्हणजे शून्य नव्हे. दर सेकंदाला सुमारे ५ कोटी ६० लाख इलेक्ट्रॉन त्या पाटीतून पार होत असतात!

मोहाचा मार्ग आणि त्यातील धोका

एवढा सूक्ष्म प्रवाह मोजायचा कसा, या प्रश्नाला चटकन सुचणारे उत्तर म्हणजे ‘दाब वाढवा’. ९ व्होल्टऐवजी ९०० व्होल्ट लावले, की प्रवाह शंभरपट होईल. प्रयोगशाळांत हेच करतात. तेथे बहुधा ५०० व्होल्टचा दाब देऊन एक मिनिटानंतर प्रवाह वाचण्याची रीत आहे. वायरमनजवळ असणारा मेगर नावाचा मापकही ५०० किंवा १००० व्होल्ट निर्माण करतो. पण विद्यार्थ्यांनी हा मार्ग धरायचा नाही. त्याची कारणे नीट समजून घ्या.

पहिले कारण आपले शरीर. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून गेला, की मुंग्या आल्यासारखे वाटते. १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. घरातील गळतीरक्षक स्विच ३० मिलिअँपिअरच्या आतच वीज तोडतात ते याचसाठी. ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो.

‘पण मध्ये रोधक पदार्थ आहे ना, मग प्रवाह येईलच कसा?’ असे कोणी म्हणेल. येथेच फसगत होते. रोधक चांगला आहे की नाही, हे तर आपल्याला अजून कळायचे आहे! तुकड्याला न दिसणारी भेग असेल, तो दमट असेल, किंवा कडेवरून ओलाव्याचा पातळ थर पसरला असेल, तर वीज आपली वाट शोधतेच. ज्या वस्तूची परीक्षा घ्यायची, तिच्याच भरवशावर आपला जीव ठेवायचा नसतो.

दुसरे कारण असे, की दोन धातूंच्या पत्र्यांमध्ये रोधक ठेवला, की धारित्र तयार होते आणि त्यात विद्युत्‌भार साठतो. दाब काढून घेतल्यावरही तो भार तेथेच राहतो. कारण रोधक चांगला असल्यामुळे तो झिरपून जात नाही. लांब केबलची धारिता १ मायक्रोफॅरडपर्यंत सहज जाते. तिला १००० व्होल्ट दिले, तर अर्धा ज्यूल ऊर्जा साठते आणि हात लावणाऱ्याला जोराचा झटका बसतो. म्हणून मेगरने तपासणी झाल्यावर तारेतील भार जमिनीत सोडून देतात आणि मगच तिला हात लावतात.

तिसरे कारण पदार्थाविषयी. दाब फार वाढला, तर रोधक फुटतो, म्हणजे त्यातून ठिणगी आरपार जाते. कोरड्या हवेत दर मिलिमीटरला सुमारे ३००० व्होल्ट झाले, की ठिणगी पडते. परीक्षा घेता घेता वस्तूचाच नाश होण्याचा हा प्रकार.

इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तारायंत्राची केबल टाकण्यात आली. तिच्यातील तांब्याच्या तारेभोवती गटापर्चा या झाडाच्या चिकाचे रोधक वेष्टन होते. ऑगस्टमध्ये इंग्लंड व अमेरिका यांच्यामध्ये संदेश जाऊ लागले. पण संकेत फार क्षीण येत होते. वाइल्डमन व्हाइटहाउस या विद्युत्‌तज्ज्ञाने प्रवर्तन वेटोळी वापरून सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. केबल आधीच दुबळी होती. या दाबाने वेष्टन आणखी खचले आणि सुमारे तीन आठवड्यांत ती कायमची मुकी झाली. विल्यम टॉमसन यांचे मत निराळे होते. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेले. त्यांचे म्हणणे असे, की दाब वाढवू नका, मापक सूक्ष्म करा. त्यांनी आरशाच्या साहाय्याने अतिसूक्ष्म प्रवाह दाखवणारा मापक तयार केला. १८६६ साली टाकलेली केबल यशस्वी झाली. पुढे १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने एडन ते मुंबई अशी केबल टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे तारेने जोडली गेली.

टॉमसन यांचा तोच धडा आपण घेऊ. दाब लहान ठेवायचा, मापक सूक्ष्म करायचा.

साध्या मल्टिमीटरची गुप्त शक्ती

आकडे दाखवणारा बहुतेक मल्टिमीटर दाब मोजताना स्वतः एक मोठा रोध म्हणून वागतो. पुष्कळ मीटरांत हा आंतररोध १० मेगओहम, म्हणजे १ कोटी ओहम असतो; काही स्वस्त मीटरांत तो १ मेगओहम असतो. २०० मिलिव्होल्टच्या पल्ल्यावर शेवटचा अंक ०.१ मिलिव्होल्टचा असतो. ०.१ मिलिव्होल्ट भागिले १ कोटी ओहम म्हणजे १० पिकोअँपिअर. याचा अर्थ असा, की या पल्ल्यावर मीटरमधूनच प्रवाह जाऊ दिला, तर पडद्यावरचा शेवटचा एक अंक १० पिकोअँपिअर प्रवाह दाखवतो! दुकानातून आणलेला साधा मीटर असा पिकोअँपिअरमापक होतो.

पण आधी आपल्या मीटरचा आंतररोध किती, ते ताडून पाहा. १० मेगओहमचे दहा रोध एकापुढे एक जोडा. एकूण १०० मेगओहम झाले. त्यांच्याशी १.५ व्होल्टचा घट आणि २०० मिलिव्होल्टच्या पल्ल्यावर ठेवलेला मीटर एकाच मालिकेत जोडा. आंतररोध १० मेगओहम असेल, तर वाचन सुमारे १३६ मिलिव्होल्ट येईल. १ मेगओहम असेल, तर सुमारे १५ मिलिव्होल्ट येईल. असे का, हे वर्गात गणित करून पाहण्यासारखे आहे. १ मेगओहमचा मीटर निघाला तरी हरकत नाही. त्याचा शेवटचा अंक १०० पिकोअँपिअर दाखवील एवढेच.

प्रयोगाची मांडणी

साहित्य: ९ व्होल्टची एक बॅटरी, १ मेगओहमचा एक रोध, मल्टिमीटर, स्वयंपाकघरात वापरतात तो ॲल्युमिनियमचा वर्ख, पॉलिथीनचे स्वच्छ तुकडे, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, एक जाड पुस्तक आणि तपासायचे पदार्थ. पुठ्ठा, पातळ फळी, कौलाचा सपाट तुकडा, फरशी, काच, प्लॅस्टिकचा पत्रा असे सुमारे १२ सेंटिमीटर चौरस तुकडे गोळा करा.

वर्खाची १० सेंटिमीटर व्यासाची चकती तुकड्याच्या खाली ठेवा. वरच्या बाजूला मधोमध ८ सेंटिमीटर व्यासाची चकती ठेवा. तिच्याभोवती सुमारे ३ मिलिमीटरची फट सोडून वर्खाचेच एक कडे ठेवा. प्रत्येकाला वर्खाचीच एक शेपटी ठेवावी म्हणजे तार जोडता येते. मधल्या चकतीची शेपटी कड्याला टेकू नये म्हणून मध्ये पॉलिथीनची पट्टी घाला. वर पॉलिथीन पसरून पुस्तकाचे वजन ठेवा.

आता जोडणी. बॅटरीचे धन टोक १ मेगओहमच्या रोधातून खालच्या चकतीला जोडा. वरची मधली चकती मीटरच्या धन टोकाला जोडा. मीटरचे ऋण टोक, भोवतीचे कडे आणि बॅटरीचे ऋण टोक ही तिन्ही एकत्र जोडा. सगळी मांडणी पत्र्याच्या डब्यात, जाड प्लॅस्टिकवर ठेवा आणि डबाही बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा.

यातील प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

मालिकेतील १ मेगओहमचा रोध हा रक्षक आहे. काहीही चुकून एकमेकांना टेकले, तरी प्रवाह ९ मायक्रोअँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. मोठ्या प्रयोगशाळांतील यंत्रांतही हेच तत्त्व असते. तेथे डब्याचे झाकण उघडताच दाब आपोआप तुटण्याची सोयही करतात.

भोवतीचे कडे हे संरक्षक कडे होय. वीज दोन वाटांनी झिरपते. एक वाट पदार्थाच्या पोटातून जाते आणि दुसरी त्याच्या पृष्ठभागावरून, म्हणजे कडेवरून वळसा घालून. आपल्याला पोटातली वाट मोजायची आहे. कडेवरून येणारा प्रवाह आधी कड्याला भेटतो आणि मीटरला न शिवता थेट बॅटरीकडे परत जातो. कडे आणि मधली चकती यांच्यातील दाब एक पंचमांश व्होल्टहून कमीच असतो, म्हणून त्यांच्यामध्ये गळती जवळजवळ होत नाही. मात्र फट स्वच्छ व कोरडी हवी.

पत्र्याचा डबा बाहेरच्या विद्युत्‌क्षेत्रापासून आडोसा देतो. डबा नसेल, तर टेरिलिनचा सदरा घालून जवळून चालत गेलात तरी आकडे उड्या मारू लागतील. हे मुद्दाम करून पाहा. मजेदार आहे आणि शिकवणारेही.

वाचन आणि गणित

बॅटरी जोडताच वाचन मोठे येते आणि हळूहळू उतरते. सुरुवातीला धारित्र भरले जात असते आणि पदार्थातील रेणूही विद्युत्‌क्षेत्राच्या दिशेने सावकाश वळत असतात; तो प्रवाह खऱ्या गळतीचा नव्हे. म्हणून घड्याळ लावून बरोबर एक मिनिटाने वाचन घ्या. मग बॅटरीची टोके उलटी करून पुन्हा एक मिनिटाने वाचन घ्या. ते ऋण येईल. दोन्ही वाचनांतील फरकाचे निम्मे करा. मीटरमध्ये मुळातच असलेला थोडाफार दोष यामुळे वजा होतो.

समजा, पुठ्ठ्याच्या १ मिलिमीटर जाड तुकड्यासाठी वाचन ४५ मिलिव्होल्ट आले आणि मीटरचा आंतररोध १० मेगओहम आहे. मग प्रवाह = ०.०४५ ÷ १ कोटी = ४५०० पिकोअँपिअर. बॅटरीचे जवळजवळ सर्व ९ व्होल्ट पुठ्ठ्यावर पडतात. म्हणून पुठ्ठ्याचा रोध सुमारे २०० कोटी ओहम. मधल्या चकतीचे क्षेत्रफळ ३.१४ × ०.०४ × ०.०४ = सुमारे ०.००५ चौरस मीटर. विशिष्ट रोध = रोध × क्षेत्रफळ ÷ जाडी = २०० कोटी × ०.००५ ÷ ०.००१ = १००० कोटी ओहम-मीटर, म्हणजे १ वर १० शून्ये.

आता २ मिलिमीटर जाडीची काच घ्या. तिचा विशिष्ट रोध १ वर १२ शून्ये असेल, तर याच मांडणीत रोध सुमारे ४०,००० कोटी ओहम होईल आणि प्रवाह सुमारे २२ पिकोअँपिअर. पडद्यावर फक्त दोन अंकांची हालचाल! येथे आपल्या साधनाची मर्यादा आली. पॉलिथीन किंवा मेण ठेवले, तर वाचन शून्यच दिसेल. अशा वेळी वहीत ‘रोध अनंत आहे’ असे लिहू नका. ‘विशिष्ट रोध आमच्या मापकाच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे’ असे लिहा आणि ती मर्यादा गणिताने काढून द्या. विज्ञानात हेही एक चांगले उत्तर असते.

गळतीचे घड्याळ

मापकाची मर्यादा संपली, की काळाची मदत घेता येते. चांगल्या रोधकातून वीज फार हळू झिरपते. मग प्रवाह मोजण्याऐवजी साठवलेला भार झिरपून जायला किती वेळ लागतो, तेच मोजावे.

हा विचार विजेच्या अभ्यासाइतकाच जुना आहे. १७२९ साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे हे घासून विद्युत्‌भारित केलेल्या काचेच्या नळीतील भार लांब दोरीवरून नेण्याचे प्रयोग करीत होते. त्यांचे मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर यांच्या सूचनेवरून दोरी रेशमाच्या धाग्यांवर टांगली आणि प्रयोग साधला. पुढे रेशीम वजनाने तुटले, म्हणून तेवढीच बारीक पितळी तार लावली. त्याबरोबर भार नाहीसा झाला. धागा बारीक आहे म्हणून भार टिकतो असे नव्हे, तो रेशमाचा आहे म्हणून टिकतो, हे यावरून कळले. सुवाहक आणि रोधक यांची पहिली खरी निवड अशी झाली.

शाळेतील पत्र-विद्युत्‌दर्शक घ्या. कोरड्या लोकरीवर घासलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने त्याला भार द्या, पाने उघडतील. आता तपासायच्या पदार्थाची कांडी हातात धरून तिचे दुसरे टोक विद्युत्‌दर्शकाच्या गोळीला टेकवा आणि पाने निम्मी मिटायला किती सेकंद लागतात ते मोजा. धातूची तार टेकवताच पाने मिटतील. लाकडाला थोडा वेळ लागेल. मेणबत्तीला बराच लागेल. वेळेच्या क्रमाने पदार्थांची यादी करा, म्हणजे रोधाच्या क्रमाने यादी तयार झाली. विद्युत्‌दर्शकाची धारिता सुमारे १० पिकोफॅरड धरली आणि दाब ७ सेकंदांत निम्मा झाला, तर

रोध = काल ÷ (०.६९३ × धारिता)

या सूत्राने एक लाख कोटी ओहम रोध येतो. पाने निम्मी मिटली म्हणजे दाब बरोबर निम्मा झाला असे नसते. म्हणून या रीतीने आलेले आकडे अंदाजाचे समजावेत. क्रम मात्र विश्वासाचा.

यामागे एक सुंदर गोष्ट दडली आहे. रोधकाच्या तुकड्यात साठलेला भार त्याच्याच पोटातून झिरपून जाण्याचा काल हा तुकड्याच्या आकारावर अवलंबून नसतो. जाडी वाढवली तर रोध वाढतो, पण धारिता त्याच प्रमाणात कमी होते आणि दोघांचा गुणाकार तोच राहतो. हा काल विशिष्ट रोध × पराविद्युत् स्थिरांक × ८.८५ ÷ एक लाख कोटी इतके सेकंद भरतो. एवढ्या वेळात भार ३७ टक्क्यांवर येतो. पराविद्युत् स्थिरांक २.३ असणाऱ्या पदार्थाचा विशिष्ट रोध १ वर १३ शून्ये असेल, तर हा काल सुमारे साडेतीन मिनिटे. १ वर १६ शून्ये असेल, तर दोन दिवसांहून अधिक! आपला कंगवा केसांवर घासल्यावर बराच वेळ कागदाचे कपटे का उचलतो आणि लाकडी फणी का उचलत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

पावसाळ्यातील परीक्षा

रोधकाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओलावा. भट्टीत पूर्ण वाळवलेल्या लाकडाचा विशिष्ट रोध १ वर १४ ते १६ शून्ये इतका असतो. तेच लाकूड आतून पूर्ण भिजले, की तो १ वर ३ ते ४ शून्यांवर उतरतो. एक हजार कोटी पट घसरण!

याचा अर्थ काय, ते पाहा. १ मीटर लांब व ३ सेंटिमीटर जाड अशी भिजलेली काठी घ्या. विशिष्ट रोध १००० ओहम-मीटर धरला, तर तिचा रोध सुमारे १४ लाख ओहम होतो. गावाजवळून जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या वाहिनीच्या एका तारेचा जमिनीशी दाब सुमारे ६,३५० व्होल्ट असतो. अशा तारेला ती काठी लागली, तर धरणाऱ्याच्या शरीरातून सुमारे साडेचार मिलिअँपिअर प्रवाह जाईल. त्यात काठीवरच्या पावसाच्या पाण्याचा थर धरलेलाच नाही. तो धरला तर प्रवाह कितीतरी वाढेल. म्हणून ‘लाकूड दुर्वाहक असते’ हे वाक्य पाठ करून तुटलेल्या तारेजवळ काठी घेऊन जाणे जिवावर बेतू शकते. तार तुटलेली दिसली, तर दूर राहावे, इतरांना दूर ठेवावे आणि वीज कार्यालयाला कळवून पुरवठा बंद करवावा.

खांबावरील चिनी मातीच्या रोधकांना छत्रीसारख्या घड्या का असतात, हेही आता सांगता येईल. चिनी मातीच्या पोटातून गळती फारशी नसते; भीती असते ती ओल्या, धुळकट पृष्ठभागाची. घड्यांमुळे पृष्ठभागावरची वाट लांब होते आणि घडीच्या खालची बाजू पावसातही कोरडी राहते. कोकणपट्टीसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात खाऱ्या वाऱ्याचे मीठ रोधकांवर बसते. हवा दमट झाली की तेच मीठ वाहक बनते. म्हणून तेथे ही वाट आणखी लांब ठेवावी लागते.

प्रयोगासाठी नियम

१. दाब फक्त ९ व्होल्टच्या एका बॅटरीचा. बॅटऱ्यांची माळ करून दाब वाढवू नये.
२. घरातील वीज, मेगर, प्रवर्तन वेटोळे, डास मारण्याची विजेची रॅकेट यांपैकी काहीही या मांडणीला जोडू नये.
३. रक्षक रोध जोडल्याशिवाय बॅटरी जोडू नये.
४. जोडणी बदलताना बॅटरी आधी काढावी आणि दोन्ही चकत्या तारेने एकमेकींना क्षणभर जोडून साठलेला भार काढून टाकावा. ९ व्होल्टला याची गरज जिवासाठी नाही. पण पुढे मोठ्या दाबावर काम करताना हीच सवय जीव वाचवते.
५. घरातील बटणे, वायरी, उपकरणे यांची तपासणी या रीतीने करू नये. ते काम परवानाधारक वायरमनचे.

करून पाहा

एकच पुठ्ठा तीन वेळा तपासा: एकदा जसा आहे तसा, एकदा दोन तास कडक उन्हात वाळवून, आणि एकदा ओल्या फडक्याबरोबर बंद डब्यात रात्रभर ठेवून. तिन्ही विशिष्ट रोध काढून त्यांची तुलना करा. संरक्षक कडे जोडून आणि न जोडता वाचन घ्या. दोहोंतील फरक कोणत्या वाटेचा, ते सांगा. शिक्षकांनी वर्गाचे गट करून एकाच पदार्थाची मापे जुलैमध्ये आणि पुन्हा जानेवारीत घ्यावीत व दोन्ही वेळच्या आर्द्रतेसह भिंतीवरच्या तक्त्यात नोंदवावीत.

तक्ता पुरा झाला, की ‘दुर्वाहक’ या एका शब्दाच्या जागी विद्यार्थ्यांच्या हाती आकडे येतील. आणि कोणत्या वस्तूवर, कोणत्या हवेत, किती भरवसा ठेवावा, हे त्या आकड्यांवरूनच ठरवता येईल.